मॅटॅडोरचं इंजिन: थोडा इतिहास, थोडा हिशेब

गेल्या गणपतीत मी आपल्या बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला होता. बहुतेकांना तो आठवत असेल, कारण त्यानंतर दोन दिवसांत २३ जणांनी मिळून ४१,५०० रुपये पाठवले. मी लिहिलं होतं: ‘डिसेंबर १९८८ च्या सहलीला आपण ज्या मॅटॅडोरमधून गेलो ती गाडी अजून माझ्याकडे आहे. तिचं इंजिन बसलंय. ज्या इंजिनावर आपण कुंभार्ली घाट चढलो, ते भंगारात जाऊ द्यायचं का?’

या मेसेजमधलं एक वाक्य चुकीचं निघालं. मी मुद्दाम खोटं बोललो नव्हतो, पण तुम्ही पैसे दिले ते त्याच वाक्यावर. स्मरणिका समितीने ‘काहीतरी ऐतिहासिक लिही’ म्हणून गळ घातली, तेव्हा ठरवलं की हाच इतिहास लिहायचा. त्यात हिशेबही येईल.

ज्यांची शाळा नववीत बदलली आणि जे त्या सहलीला नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सहल कराड, कोयनानगर, चिपळूण, गणपतीपुळे अशी होती. मुलींसाठी बाईंबरोबर दुसरी गाडी होती, तिला काही झालं नाही, म्हणून तिची आठवण कुणी काढत नाही. मुलांची गाडी माझ्या वडिलांची. सीट १८, आत आपण २७, शिवाय इतिहासाचे सर आणि पुढे बाबा. परत येताना कुंभार्ली चढताना निम्म्यात काटा लाल रेघेवर गेला आणि रेडिएटरमधून वाफ यायला लागली. बाबांनी गाडी कडेला घेतली, दगड लावले आणि अर्धा तास झाकणाला हात लावू दिला नाही. तेवढ्या वेळात सरांनी कठड्यावर बसून आपल्याला १९६७ च्या कोयना भूकंपाची हकीकत सांगितली. मग सगळ्यांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांमधलं पाणी एकेक करून रेडिएटरमध्ये गेलं. एकाच्या बाटलीत सरबत होतं. त्याने ते आधी सांगितलं नाही, ओतल्यावर सांगितलं. तो आज वकील आहे.

तर ती ही गाडी. बजाज टेम्पोची मॅटॅडोर, एफ-३०७, १९८७ ची. २००४ पर्यंत ती भाड्याने धावली: लग्नं, शाळेच्या सहली, आळंदी-पंढरपूर, मधले काही महिने चक्क वडाप. मग बाबा थकले, गाडी खाजगी नोंदणीत आली आणि गोठ्याशेजारी उभी राहिली. २०१३ मध्ये बाबा गेले. २०२० च्या टाळेबंदीत मला दुसरं काही काम नव्हतं, तेव्हा मी ती धुऊन काढली. मागच्या सीट काढल्या, दोन बाकडी केली, त्यांवर फळ्या टाकल्या की पलंग होतो. एक शेगडी, पाण्याची ६० लिटरची टाकी आणि खिडक्यांना बायकोने शिवलेले पडदे. हिंदीत-इंग्रजीत याला काय वाट्टेल ते म्हणोत, माझी आई त्याला ‘बिऱ्हाड’ म्हणते. या बिऱ्हाडातून आम्ही चार वर्षांत हंपी, तारकर्ली, नांदेड आणि एकदा थेट ओंकारेश्वरपर्यंत जाऊन आलो.

असं बिऱ्हाड मॅटॅडोरमध्ये इतक्या सहज का बसतं, याला कारण आहे. या गाडीची पुढची चाकं ओढतात. मागच्या चाकांपर्यंत शाफ्ट जात नाही, त्यामुळे मागची जमीन सपाट आणि खाली राहते. दूधवाल्यांना कॅन चढवायला ती सोयीची पडली, शाळेच्या पोरांना चढायला सोयीची पडली, आणि जर्मनीत तर याच घराण्यातल्या गाड्यांवर लोकांनी फिरती घरं बांधली. इंजिन पुढे, ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली. थंडीत त्या झाकणावर पाय ठेवून बसायला मिळावं म्हणून सहलीत कोण कोण भांडलं होतं, ते इथे लिहीत नाही.

आता ‘मॅटॅडोर’ या नावामागे जाऊ. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, पण इंजिन उघडून पडल्यावर माणूस वाचायला लागतो. हँबुर्ग शहरात ‘फिडाल उंड झोन’ म्हणजे ‘फिडाल आणि मुलगा’ नावाची पेढी होती. १९२८ च्या सुमारास तिने ‘टेम्पो’ या नावाने तीनचाकी मालगाड्या काढल्या. त्या काळी जर्मनीत २०० सीसीच्या आतल्या छोट्या गाड्यांना लायसन आणि कर माफ होता, त्यामुळे भाजीवाले, बेकरीवाले यांच्यात या गाड्या खपल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, त्यांनी चारचाकी मॅटॅडोर आणली. तिच्यात इंजिन होतं फोक्सवॅगनचं, त्या गोल पाठीच्या बीटल मोटारीतलं, हवेने थंड होणारं.

गंमत पुढे आहे. १९५० मध्ये फोक्सवॅगनने स्वतःचीच व्हॅन काढली. जगभर ज्या गाडीला लोक ‘कँपर’ म्हणून ओळखतात ती हीच. म्हणजे जो इंजिन पुरवत होता तोच समोर दुकान मांडून बसला. १९५२ मध्ये मॅटॅडोरला फोक्सवॅगनची इंजिनं मिळणं बंद झालं. गाडी तयार, गिऱ्हाईक तयार आणि इंजिन नाही! मग हाइन्केलचं इंजिन बसवलं गेलं. युद्धात विमानं बनवणारी ही कंपनी, पराभवानंतर विमानं बनवायला बंदी म्हणून इंजिनं आणि स्कूटरींकडे वळलेली. त्यानंतर इंग्लंडच्या ऑस्टिनचं इंजिन आलं. पुढे टेम्पोचा कारखाना हानोमागच्या ताब्यात गेला आणि गाडीत हानोमागचं डिझेल इंजिन आलं. १९७० च्या सुमारास हानोमागचा हा धंदा डाइम्लर-बेंझने घेतला आणि त्याच घराण्यातली गाडी नाकावर तारा लावून मर्सिडीज म्हणून विकली गेली, अर्थात मर्सिडीजच्या डिझेल इंजिनासकट. पंचवीस वर्षांत पाच घरची इंजिनं. माझ्या गाडीच्या ‘मूळ इंजिना’बद्दल मी जो एवढा हळवा झालो होतो, त्या मॅटॅडोरच्या कुळालाच मूळ इंजिन असं काही राहिलेलं नव्हतं.

इकडे १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी याच हँबुर्गच्या पेढीशी करार करून बजाज टेम्पो उभी केली. फिरोदिया नगरचे वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग पाहिलेले. सुरुवात हान्सियाट नावाच्या तीनचाकीने झाली, जी जर्मनीत तोवर बंदही पडली होती. आपल्याकडे मात्र ती इतकी रुळली की ‘टेम्पो’ हा कंपनीचा शब्द न राहता मराठीतला सामान्यनाम झाला. आज कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी आली तरी ‘टेम्पो आला’ असंच आपण म्हणतो. पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटॅडोर बाहेर पडू लागली, आधी हानोमागच्या वळणाच्या डिझेल इंजिनासह आणि १९८० च्या दशकात मर्सिडीजच्या परवान्याने इथेच बनवलेल्या ओएम ६१६ या इंजिनासह. चार सिलिंडर, २.४ लिटर. परदेशात हेच इंजिन मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत होतं आणि ती मोटार कित्येक देशांत टॅक्सी म्हणून धावली. म्हणजे आपण २७ जण तांत्रिकदृष्ट्या मर्सिडीजमधून सहलीला गेलो होतो. त्या इंजिनाची ख्याती इतकी की आपल्याकडे लोकांनी अँबॅसडरमधलं आणि जीपमधलं पेट्रोल इंजिन काढून तिथे मॅटॅडोरचं बसवलं. कराडच्या बाजारात ‘जीप आहे, पण इंजिन मॅटॅडोरचं’ हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलंय, ते नेहमी अभिमानाने म्हटलं जायचं.

तर या गणपतीच्या आधी गाडी ओंकारेश्वरहून परतली ती ऑइल पीत आणि निळा धूर मारतच. सकाळी चालू व्हायला दोन-दोन मिनिटं हीटर लावावा लागे. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण नुसतं ठेवलं तर ते नाचून खाली पडायचं. इंजिनाचं काम ज्याला थोडंफार कळतं त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही: पिस्टनच्या कडेने गॅस खाली उतरतोय.

मी गाडी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात आपल्या वर्गमित्राकडे नेली. तो ‘ब’ तुकडीत शेवटच्या बाकावर बसायचा आणि गणितात त्याला कायम कमी मार्क पडायचे. आज तो हजारो रुपयांचे क्रँक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून घासतो. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार अशा कारागिरांनी घडवलेल्या त्या परिसराला साजेसं त्याचं काम आहे. त्याने चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. या इंजिनाला नवं असताना २२ ते २४ बार लागतं, १५ च्या खाली गेलं तर काम काढायचं आणि सिलिंडरा-सिलिंडरांत ३ पेक्षा जास्त फरक नको. आमचे आकडे आले २०, १९, ११ आणि १९. तिसरा सिलिंडर गेला होता.

मग ग्रुपवर चर्चा. ती तुम्ही वाचलीच आहे, पण जे ग्रुपवर नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. चाकणला मोटारींच्या कंपनीत असलेल्या मित्राचं म्हणणं होतं की नव्या पद्धतीचं कॉमन रेल इंजिन बसव, धूर नाही, ॲव्हरेज दीडपट. ऐकायला छान होतं. पण वेगळ्या जातीचं इंजिन म्हणजे गिअरबॉक्सपासून सगळं बदलायचं, आणि कंपनीने जशी नोंदवली त्यापेक्षा वेगळी गाडी करायला मोटार वाहन कायदा मोकळीक देत नाही. दुसऱ्या गटाचं म्हणणं, याच जातीचं जुनं चालू इंजिन बाजारातून आण आणि चढव, दोन दिवसांत मोकळा. तिसरा गट, आणि हा मोठा होता, भावनिक: ‘तेच इंजिन दुरुस्त कर.’ या गटाने पैसे पाठवले.

जुनं इंजिन बघायला मी एका मोठ्या भंगार बाजारात जाऊनही आलो. गाव सांगत नाही. विक्रेत्याने फडक्याने पुसून एक इंजिन दाखवलं, फिटिंगसकट ५५ हजार. हाताने फिरवून पाहिलं, बरं वाटलं. मोबाइलची बत्ती लावून ब्लॉकवरचा नंबर बघायला गेलो तर तिथे ग्राइंडर फिरवलेला. नंबर विचारला तर म्हणाला, ‘तुम्हाला कुठला हवाय सांगा, मारून देतो.’ मी तिथून निघालो. इंजिन बदललं की नव्या इंजिनाचा नंबर आरसी पुस्तकावर चढवावा लागतो, त्याला आरटीओची परवानगी लागते. आणि कागदावरचं सोडा, ज्या इंजिनाचा नंबर घासलेला आहे ते कुठून सुटून आलंय हे कोण सांगणार?

त्या घासलेल्या नंबरानेच मला माझ्या गाडीचा नंबर आठवला. आमच्या घरी १९८७ चं गाडीचं मूळ बिल बाबांनी फ्रेम करून लावलेलं आहे, त्यावर चासी नंबर, इंजिन नंबर सगळं आहे. मी त्याचा फोटो काढून कोल्हापूरला पाठवला. तासाभराने मित्राचा फोन.

‘भावा, ह्यो नंबर न्हवंच.’

‘नीट बघ. ग्रीस असेल.’

‘ग्रीस काढूनच बगितलाय. ह्ये इंजिन दुसरंच हाय.’

मी कपाटातून आरसी पुस्तक काढलं. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. ती दोन-तीन वेळा मीच केली होती, पण करायची म्हणजे काय, कागद एजंटाच्या हातात द्यायचे आणि चहा प्यायचा. मधल्या पानावर जुना इंजिन नंबर एका रेघेने खोडलेला, शेजारी नवा नंबर, गोल शिक्का आणि तारीख: मे १९९६. अकरा वर्षं हे पुस्तक माझ्याच कपाटात होतं.

मी इतिहासाच्या सरांना फोन केला. सर आता ८२ वर्षांचे आहेत, साताऱ्यात असतात, फोन पहिल्या रिंगला उचलतात. सगळं सांगितलं. ते काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘नववीत पहिल्या धड्याला मी काय सांगितलं होतं? आधी साधन बघायचं, मग विधान करायचं. तू विधान करून वर्गणी गोळा केलीस, आणि आता साधन बघतोयस.’ मग विचारलं, ‘वडिलांची वही असेल ना रे? ते लिहायचे.’ सरांच्या हे लक्षात होतं आणि माझ्या नव्हतं!

वही सापडली. बाबा गाडी घेण्याआधी एसटीच्या कराड डेपोत मेकॅनिक होते, रोजचं काम वहीत टिपायची सवय तिथली. १९९६ ची पानं मी जशीच्या तशी देतो:

‘२ मे. उंब्रजजवळ आवाज, मग इंजिन जाम. टोचन करून आणली.’

‘३ मे. उघडलं. बिग एंड गेलं, रॉड वाकला, क्रँक कामातून गेला. मेस्त्री १२ दिवस म्हणतो. लग्नं: ५, ७, ८, ११, १२.’

‘४ मे. सांगलीहून इंजिन. ॲक्सिडेंटच्या गाडीचं, कागद बरोबर. ३८,०००. पतपेढी.’

‘५ मे. पहाटे ४ ला चालू झालं. वऱ्हाड पाटण.’

पुढे जूनमध्ये एक ओळ: ‘जुना ब्लॉक ओंडच्या जीपवाल्याला. ६,०००.’

मी त्या वर्षी पुण्यात पहिल्या नोकरीत होतो. महिन्याला घरी दोन हजार पाठवायचो आणि फोनवर ‘गाडी कशी आहे’ विचारलं की बाबा ‘मजेत’ म्हणायचे. पतपेढीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता वहीत १९९९ च्या दिवाळीत आहे. त्यांनी हे मला कधी सांगितलं नाही, आणि ते लपवत होते असंही मला वाटत नाही. त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

ओंडला जाऊन आलो. जीपवाल्याचा मुलगा भेटला, चहा झाला. जीप २००९ मध्ये वजनावर विकली. म्हणजे आपण ज्या इंजिनावर कुंभार्ली चढलो, ज्याच्या रेडिएटरने आपलं पाणी आणि एकाचं सरबत प्यायलं, ते इंजिन वितळून गेलंय. त्याची कुणी वाट बघू नये.

वही वाचल्यावर मी दोन दिवस काही केलं नाही. मग लक्षात आलं की मी आणि तुम्ही ग्रुपवर जो वाद घालत होतो तो बाबांना समजलाच नसता. दुरुस्त की बदली, हे त्यांच्यासाठी गाडी किती दिवस उभी राहू शकते यावर ठरत होतं. बारा दिवस म्हणजे पाच लग्नं. डेपोतही हेच पाहिलेलं: इंजिन बिघडलं म्हणून एसटी उभी ठेवत नाहीत, दुरुस्त होऊन आलेलं दुसरं चढवतात आणि उतरवलेलं वर्कशॉपला पाठवतात. जर्मनीत फोक्सवॅगनने १९५८ मध्ये कासेलला जो कारखाना सुरू केला, तो सुरुवातीला याच कामासाठी होता. जुनी इंजिनं घ्यायची, नव्यासारखी करायची आणि पुन्हा गाडीत जायला पाठवायची. आणि मघाशी सांगितलेल्या २४० डी मोटारीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचा एक टॅक्सीवाला. त्याची १९७६ सालची मोटार ४६ लाख किलोमीटर धावली आणि २००४ मध्ये मर्सिडीजच्या संग्रहालयाने ती ठेवून घेतली. त्याने केलं काय, तर तीन इंजिनं पाळीपाळीने वापरली. एक गाडीत, बाकीची दुरुस्तीत. त्या संग्रहालयात उभं राहून ‘यातलं खरं इंजिन कुठलं’ असं कुणी विचारत असेल तर विचारो. टॅक्सीवाल्याला विचारायला वेळ नव्हता.

मला मात्र वेळ आहे. माझं पोट या गाडीवर नाही. ती तीन महिने उभी राहिली तर फार तर एक दिवाळीची सहल बुडते, आणि ती बुडालीच. ज्याला थांबता येतं त्याने दुरुस्त करावं, असा माझा हिशेब झाला. त्यात एक भर मित्राने घातली. इंजिन पूर्ण उघडल्यावर तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग तुटलेली आणि लाइनरवर ओरखडे निघाले, पण क्रँक मापला तर तो अजून मूळ मापाचा होता, एकदाही घासलेला नाही. वहीप्रमाणे २००१ मध्ये बाबांनी लाइनर बदलले होते, क्रँकला हात लावला नव्हता. दर दोन महिन्यांनी ऑइल बदलल्याच्या नोंदी आहेत, लग्नसराईत तर महिन्याला. मित्र म्हणाला, ‘ह्यो क्रँक अजून दोन आयुष्यं काढंल. ह्याला टाकशील तर मी तुझ्याशी बोलणार न्हाई.’

तेव्हा हे दुसरं इंजिन दुरुस्त होतंय. ते तुमच्या सहलीचं नाही. ते ५ मे १९९६ च्या पहाटेचं आहे. त्याने नंतर आठ वर्षं वऱ्हाडं ओढली, माझ्या बहिणीचं लग्न आणि माझा शेवटच्या दोन वर्षांचा शिक्षणाचा खर्च, ज्याचं कर्ज १९९६ मध्येही बाकी होतं, त्यानेच फेडला. तुमच्यातल्या निदान चार जणांची लग्नं या इंजिनावर झालेली आहेत, वहीत तारखा आहेत. हवं असेल त्याने मागावं, फोटो पाठवीन.

आता हिशेब. चार लाइनर-पिस्टनचा संच, बेअरिंगं, हेडचं काम (दोन व्हॉल्व्ह सीट बदलल्या), टायमिंग चेन, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन आणि चार नोझल, पाण्याचा पंप, पॅकिंग संच. आजवर खर्च १,०८,००० रुपये. मित्राने मजुरी घेतली नाही, हे त्याने लिहू नको म्हटलं होतं, म्हणून लिहितोय. रेडिएटरही नव्याने कोअर घालून घेतला, याचं कारण तुम्हाला सांगायला नको.

तुमची वर्गणी ४१,५०० रुपये मी चुकीच्या माहितीवर घेतली. ती ज्यांना परत हवी असेल त्यांनी मला खाजगीत कळवावं, कारण विचारणार नाही. हे ग्रुपवर लिहिल्यापासून एकाच माणसाने पैसे परत मागितले, तो सरबतवाला वकील. त्याचे २,००० रुपये त्याच दिवशी पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याने ५,००० रुपये पाठवले आणि खाली लिहिलं: ‘हे आत्ताच्या इंजिनासाठी.’

हा मजकूर छापायला जाताना हेड बसायचं बाकी आहे. मित्राच्या मते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंजिन गाडीत जाईल, मग पहिले हजार किलोमीटर सावकाश चालवायची, घाट टाळायचा. २६ जानेवारीला कुंभार्ली. पलंग काढून ठेवला तर नऊ जण बसतात, २७ नाही. आपली वजनंही आता तेव्हाची नाहीत. पुढची सीट सरांसाठी राखून ठेवली आहे, त्यांनी होकार दिलाय आणि घाटातला तोच कठडा दाखवीन म्हणालेत. उरलेल्या आठ जागांसाठी नावं माझ्याकडे द्यावीत. बाटलीत साधं पाणी आणावं.